शहरावरच्या विकिपीडिया लेखातली बिनसंदर्भ विधाने कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरांवरचे लेख तपासायला घेतलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे अडचणीचे. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी कळेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बिनसंदर्भ विधान म्हणजे खोटे विधान का?

नाही, आणि हा घोळ आधी मनातून काढायला हवा. बिनसंदर्भ विधान अगदी खरे असू शकते. अडचण एवढीच, की ते खरे आहे हे वाचणाऱ्याला तपासता येत नाही. लेख वाचणारा माणूस त्या शहरापासून हजारो मैल दूर बसलेला असतो. लिहिणारा कोण, त्याला किती माहिती, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याच्या हातात असते ती फक्त तळटीप.

विकिपीडियाचा नियमही प्रत्येक वाक्याला तळटीप मागत नाही. ज्या विधानावर कोणी शंका घेतली आहे किंवा घेण्यासारखी आहे, त्याला तिथल्या तिथे संदर्भ हवा. शहर नदीकाठी आहे यावर कोणी वाद घालणार नाही. पण ‘या नदीला आलेल्या पुरात निम्मे शहर वाहून गेले’ असे लिहिले, तर कोणीही विचारेल: कधी, आणि कोण म्हणतो?

२. एवढ्याशा शहराच्या लेखात एक वाक्य चुकले तर काय बिघडले?

मोठ्या शहराच्या लेखावर शेकडो जणांची नजर असते. कोणी भलतेसलते लिहिले, तर ते लगेच कोणाच्या तरी डोळ्यांवर येते. छोट्या शहराचा लेख मात्र वर्षानुवर्षे कोणी उघडतही नाही. तिथे पडलेले चुकीचे साल तसेच पडून राहते. पर्यटनाच्या पानांवर, बातम्यांत, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि फोनला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात तेच साल उतरत जाते. त्या शहराबद्दल आंतरजालावर आधीच फार थोडे लिहिलेले असते. म्हणून तिथे एका चुकीचे वजन जास्त.

दुर्लक्षित विषयावर काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कोणीतरी डिचोलीच्या नावाने एका युद्धाचा लेख लिहिला. गोव्यातले पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०–४१ साली हे युद्ध झाले, असे त्यात सविस्तर सांगितले होते. शिवाजी महाराज तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते, म्हणजे साम्राज्य उभेही राहिले नव्हते. तरी लेखाला ‘चांगला लेख’ असा दर्जा मिळाला, कारण तळटिपा होत्या आणि त्यांत पुस्तकांची नावे होती. लेख पाच वर्षे टिकला. २०१२ च्या अखेरीस एका सदस्याने ती पुस्तके शोधायला घेतली, तेव्हा कळले की अशी पुस्तकेच नाहीत. इतकी वर्षे तळटिपा सगळ्यांनी पाहिल्या होत्या, उघडून पाहायला मात्र कोणी गेले नव्हते.

३. लेख समोर आहे. सुरुवात कुठून करू?

एका वाक्यापासून. सगळा लेख एकदम तपासायला बसलात, तर दुसऱ्या परिच्छेदापर्यंत दमाल.

वाक्य घ्या आणि त्यात किती विधाने आहेत ते मोजा. समजा, लेखात असे वाक्य आहे: ‘१७२४ साली वसवलेले हे शहर विभागातील सर्वांत जुने व्यापारी केंद्र असून येथील घंटाघर संपूर्ण दगडी आहे.’ शेवटी एक तळटीप. दिसायला वाक्य एक, पण विधाने चार: शहर वसवले गेले (आपोआप वाढले नाही), ते १७२४ साली, ते विभागातले सर्वांत जुने व्यापारी केंद्र आहे, आणि घंटाघर दगडी आहे. आता तळटीप उघडा. बहुतेक वेळा ती घंटाघराबद्दलच बोलत असते, कारण पूर्वी वाक्यही तेवढेच होते. बाकीची तीन विधाने नंतर येऊन त्याच तळटिपेच्या आडोशाला बसली.

हे एकदा लक्षात आले, की काम सोपे होते. तळटीप ज्या तुकड्याची आहे त्याच्या लगेच मागे ती सरकवा. उरलेला भाग उघडा पडतो, आणि शोध कशाचा घ्यायचा ते ठरते.

४. संदर्भ दिलेला असेल, तरी तपासायचा का?

हो. माझे मत विचाराल, तर आधी तोच तपासा. ज्याला तळटीपच नाही ते वाक्य निदान प्रामाणिक असते. त्याची उणीव सगळ्यांना दिसते. तळटीप असून ती भलतेच सांगत असेल, तर वाचणारा फसतो.

मूळ मजकूर उघडल्यावर तीन गोष्टी बघा. विधान तिथे आहे का? असल्यास तितक्याच जोरात आहे का? (मूळात ‘असे मानले जाते’ आणि लेखात ‘आहे’, हा फरक फार ठिकाणी सापडतो.) आणि ते याच शहराबद्दल आहे का? एकाच नावाची शहरे जगभर आहेत. एकाच्या इतिहासाची बातमी दुसऱ्याला चिकटलेली सहज सापडते. शहर आणि त्याच नावाचा जिल्हा यांची तर हमखास गल्लत होते: जिल्ह्याचे पर्जन्यमान, जिल्ह्याची साक्षरता, जिल्ह्यातले कारखाने, सगळे शहराच्या नावावर जमा होते.

आकड्यांसाठी आणखी एक. तळटीप खरी असते, मूळ आकडाही बरोबर लिहिलेला असतो आणि मध्येच कोणीतरी येऊन तेवढा आकडा बदलून जातो. ४८,२१२ चे ८४,२१२ झाले, तर तळटीप जागची हलत नाही. म्हणून मूळ मजकूर आणि लेख यांतला आकडा जुळला नाही, तर आधी लेखाचा इतिहास बघा (प्र. ५). बरोबर आकडा बहुधा तिथेच सापडतो.

५. हे वाक्य कोणी आणि कधी घातले, हे कसे शोधायचे?

लेखाच्या वर ‘इतिहास पहा’ आहे. तिथे प्रत्येक बदल तारीख-वेळेसह नोंदलेला असतो आणि कोणत्याही दोन आवृत्त्यांमधला फरक पाहता येतो. बदल पाचशे असतील, तर एकेक उघडत बसू नका. मधली आवृत्ती उघडा. वाक्य तिथे असेल तर आधीच्या निम्म्यात शोधा, नसेल तर नंतरच्या. पाचशे बदल असले तरी आठ-नऊ वेळा उघडून काम होते. ‘विकिब्लेम’ नावाचे साधन हेच काम आपोआप करते.

सापडल्यावर तारीख टिपून ठेवा, ती प्र. ६ मध्ये लागणार आहे. त्याच सदस्याने किंवा त्याच अंकपत्त्यावरून (आयपी पत्त्यावरून) त्या दिवशी आणखी काय बदलले तेही पाहा. एकाच बैठकीत दहा शहरांच्या लेखांत तेच विशेषण घातलेले दिसले, तर प्रश्न एका वाक्याचा राहत नाही.

६. हीच माहिती वर्तमानपत्रातही आली आहे. मग झाला ना संदर्भ?

तारखा बघितल्याशिवाय नाही. वर्तमानपत्राने ती माहिती विकिपीडियावरूनच उचलली असेल, तर तुम्ही विकिपीडियाला विकिपीडियाचाच संदर्भ देत आहात. हे वर्तुळ एकदा जुळले, की तोडणे महाकठीण, कारण आता बाहेर ‘पुरावा’ तयार झालेला असतो.

२००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या प्राण्याच्या लेखात गंमत म्हणून एक बनावट नाव घातले: ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’. ते नाव पुढे वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांतही छापून आले, आणि तेच छापील उल्लेख मग मूळ लेखात संदर्भ म्हणून लागले. कोआटीच्या बाबतीत घडले ते एखाद्या शहराच्या ‘जुन्या नावा’च्या बाबतीत किती सहज घडेल, विचार करा.

उपाय साधा आहे. विधान लेखात आले ती तारीख आणि बातमी छापली ती तारीख शेजारी शेजारी ठेवा. बातमी आधीची असेल तर ठीक. नंतरची असेल, तर शब्दरचना बघा. तोच क्रम, तेच विशेषण, तीच शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती नक्कल आहे असे धरून चाला आणि विधान घालण्याआधीचा पुरावा शोधा. काही प्रकाशक विकिपीडियाचे लेख जसेच्या तसे पुस्तकरूपाने विकतात, तेव्हा पुस्तक आहे एवढ्यानेही भुलू नका.

७. लोकसंख्येचा आकडा तपासताना काय बघायचे?

आकड्याबरोबर चार गोष्टी असायला हव्यात: साल, मोजणी कोणाची, हद्द कोणती, आणि तो मोजलेला आकडा आहे की अंदाज. यांतली एकही गळाली तर आकडा लोंबकळतो.

सर्वांत जास्त घोळ हद्दीचा. पालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या वेगळी आणि आजूबाजूच्या वस्त्यांसह धरलेल्या नागरी समूहाची वेगळी. दोन्ही आकडे अधिकृत असतात. एका लेखात पहिला आणि शेजारच्या शहराच्या लेखात दुसरा घेतला, की कोण मोठे यावर भांडण जुंपते आणि दोघेही बरोबर निघतात.

दुसरा घोळ सालाचा. भारतात २०११ नंतर जनगणना २०२१ साली झालीच नाही. म्हणून भारतीय शहराच्या लेखात ‘२०२१ च्या जनगणनेनुसार’ असे दिसले, तर तळटीप उघडण्याआधीच समजा की आकडा कुठल्या तरी अंदाजाचा आहे. अंदाज देण्यात गैर काही नाही, पण त्याला अंदाज म्हणायला हवे.

तिसरा प्रकार साच्यातल्या मजकुराचा. शहरांवरचे हजारो लेख माणसांनी लिहिलेलेच नाहीत. २००२ मध्ये एका सांगकाम्याने (आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे ‘बॉट’ने) अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेतून तीस हजारांवर गावा-शहरांचे लेख काही दिवसांत तयार केले. पुढे इतर देशांच्या शहरांसाठीही असाच ठराविक मजकूर वापरला गेला. इंग्रजी विकिपीडियावरच्या भारतीय शहरांच्या कितीतरी लेखांत २००१ च्या आकड्यांपुढे एक ठरलेले वाक्य असे: साक्षरता ‘राष्ट्रीय सरासरी ५९.५ टक्क्यांपेक्षा’ जास्त किंवा कमी. त्या जनगणनेचा अधिकृत राष्ट्रीय दर मात्र ६४.८४ टक्के होता, तोही सात वर्षे आणि त्यावरच्या वयाचा. म्हणजे ६२ टक्के साक्षरतेचे शहर लेखात सरासरीच्या वर दिसायचे आणि प्रत्यक्षात खाली असायचे. चूक एकदाच झाली आणि सांगकाम्यासारखी सगळीकडे पोचली. असे वाक्य एका लेखात दुरुस्त केलेत, तर तेच शब्द टाकून इतर लेखांतही शोधा.

८. क्षेत्रफळ, उंची, अंतर आणि अक्षांश-रेखांश?

क्षेत्रफळ हद्दीबरोबर बदलते, तेव्हा प्र. ७ मधला नियम इथेही लागू. उंची कुठल्या ठिकाणची ते विचारा: विमानतळाची, रेल्वे स्थानकाची की टेकडीवरच्या किल्ल्याची? अंतर रस्त्याने की सरळ रेषेत, हे लिहिलेले नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

अक्षांश-रेखांशातली एक चूक मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. जुन्या ग्रंथात स्थान अंश-मिनिटांत असते: १८ अंश ३० मिनिटे. साठ मिनिटांचा एक अंश, म्हणून दशांशात ते १८.५ होते. लिहिणारा घाईत १८.३० भरतो. फरक ०.२ अंशाचा वाटतो, पण अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. शहर नकाशावर २२ किलोमीटर सरकते आणि कुठल्या तरी शेतात जाऊन पडते. नकाशावरची खूण वस्तीबाहेर दिसली, तर आधी हीच शंका घ्या. आकडा विकिडाटावरून (विकिपीडियाच्या लेखांना आकडे पुरवणाऱ्या सामायिक माहितीसाठ्यावरून) येत असेल, तर दुरुस्ती तिथे करावी लागते. लेखात कितीही शोधलात तरी तो सापडणार नाही.

घनता काढण्यासाठी लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागणे चालते. विकिपीडियावर स्वतःच्या संशोधनाला जागा नाही, पण असा साधा हिशोब म्हणजे स्वतःचे संशोधन नव्हे. फक्त दोन्ही आकडे एकाच सालाचे आणि एकाच हद्दीचे हवेत.

९. ‘सर्वांत मोठे’, ‘पहिले’, ‘एकमेव’ अशा शब्दांचे काय करायचे?

असे विधान खरे ठरवायला एका शहराची माहिती पुरत नाही, बाकी सगळ्यांची लागते. ‘विभागातले पहिले ग्रंथालय’ म्हणायचे, तर विभागातल्या सगळ्या ग्रंथालयांच्या तारखा कोणीतरी ताडून पाहिलेल्या असायला हव्यात. ग्रंथालयाने स्वतः छापलेली स्मरणिका त्याची स्थापना कधी झाली ते सांगू शकते. आपण पहिले होतो हे ती ठरवू शकत नाही. दावा जितका मोठा, तितका संदर्भ भक्कम हवा.

तुलना करणारा स्वतंत्र अभ्यास नसेल, तर विशेषण गाळा आणि साल ठेवा. ‘ग्रंथालय १८९१ मध्ये सुरू झाले’ या वाक्यात शहराचा मान कुठेही कमी होत नाही, आणि वाचणाऱ्याला काहीतरी ठोस मिळते.

१०. शहराच्या नावाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिलाही संदर्भ हवा?

तिला तर हवाच. शहरावरच्या लेखात सर्वांत घट्ट रुतलेली बिनसंदर्भ विधाने नावाच्या उगमाचीच असतात. कोणी राजा आला, तहान लागली, एक शब्द बोलला आणि तेच नाव पडले, अशा गोष्टी जगभर सापडतात. आजच्या नावाचा उच्चार हाताशी धरून मागाहून रचलेल्या या कथा असतात. नावाचा खरा अभ्यास करणारा मात्र जुन्यात जुनी लेखी नोंद शोधतो: ताम्रपट, शिलालेख, कागदपत्रे, प्रवाशांची वर्णने. आजचे नाव आणि तीनशे वर्षांपूर्वीचे नाव वेगळे निघाले, की कथा कोसळते.

पण कथा पुसून टाकू नका. ती लोकांच्या तोंडी आहे, हीही एक माहितीच आहे. तिला आख्यायिका म्हणा, ती कोणी नोंदवली ते सांगा, आणि भाषाभ्यासकाने दिलेली व्युत्पत्ती उपलब्ध असेल तर ती वेगळी द्या.

११. मी याच शहरात वाढलो. मला माहीत आहे, तरी संदर्भ मागणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे मन दुखावलेले असते, आणि ते मला समजते. जिथे आयुष्य गेले तिथल्या गोष्टीसाठी अनोळखी माणसाने पुरावा मागावा, हे बोचतेच. पण तुमच्या शब्दावर ठेवलेले वाक्य उद्या दुसरा ‘मीही इथलाच’ म्हणून बदलू शकतो, आणि दोघांतला कोण खरा हे ठरवायला काहीच उरत नाही. तळटीप असेल तर तुमचे वाक्य टिकते. म्हणजे ती तुमच्याच बाजूने उभी आहे.

स्थानिक माणसाची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. जुनी स्मरणिका कोणाच्या कपाटात आहे, पालिकेने पंचाहत्तरीला काय छापले होते, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक कुठे बांधून ठेवलेत, हे त्यालाच ठाऊक असते. दूरच्या संपादकाला ते जन्मात सापडणार नाही. आणि ज्या आठवणी कुठेच छापलेल्या नाहीत, त्या आधी दुसरीकडे छापून येऊ द्या: स्थानिक इतिहासाचे नियतकालिक, विद्यापीठाचा मौखिक इतिहासाचा प्रकल्प, वर्तमानपत्रातला लेख. विकिपीडिया ही त्यांची पहिली जागा नव्हे.

१२. कोनशिला किंवा फलकाचा फोटो संदर्भ म्हणून चालतो का?

सार्वजनिक ठिकाणी कायम लावलेला फलक असेल, तर तो जे म्हणतो तेवढ्यापुरता चालतो. पण नीट वाचा. कोनशिलेवरचे साल पायाभरणीचे असते. इमारत पुरी व्हायला पुढे कितीही वर्षे लागलेली असतात. उद्घाटनाचा फलक वेगळा, जीर्णोद्धाराचा वेगळा. ‘बांधकाम अमुक साली’ असे लिहिण्याआधी यांतला कोणता तुमच्यासमोर आहे ते ठरवा. घटनेनंतर शंभर वर्षांनी लावलेला फलक फक्त एवढेच सिद्ध करतो, की शंभर वर्षांनी लोक असे मानत होते.

१३. नकाशावर नाव आहे. म्हणजे ते ठिकाण आहेच ना?

१९३० च्या दशकात दोन नकाशेकारांनी आपल्या नावांची आद्याक्षरे उलटसुलट करून ‘ॲग्लो’ हे गाव न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर टाकले. नक्कल करणाऱ्याला पकडण्यासाठी लावलेला तो सापळा होता. पुढे नकाशा पाहून कोणीतरी त्याच जागी त्या नावाचे दुकान काढले. त्यानंतर दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर ॲग्लो दिसले, तेव्हा तिला सांगता आले: गाव आहे, हे बघा दुकान!

आजच्या स्थळनामांच्या मोठ्या डिजिटल कोशांतही विहिरी, शेते, उजाड जागा ‘वस्ती’ म्हणून नोंदलेल्या सापडतात. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर लाखो लेख सांगकाम्याने अशा कोशातून तयार केले, आणि त्यांत अशा चुका उतरल्या. तेव्हा नकाशावरून जागा कळते; तिथे शहर आहे, त्याला पालिका आहे, एवढी लोकसंख्या आहे, यातले काहीही कळत नाही.

१४. पालिकेच्या संकेतस्थळावर आहे. ते तरी अधिकृत ना?

प्रभाग किती, पालिका कधी स्थापन झाली, पाणीपुरवठा कुठून होतो, यासाठी चांगले. पण ‘इतिहास’ नावाचे पान पालिकेतही कोणीतरी कुठून तरी उतरवलेलेच असते, पुष्कळदा विकिपीडियावरूनच (प्र. ६). आणि ‘निसर्गरम्य’, ‘वेगाने विकसित होणारे’ यांसाठी पालिका हा संदर्भ नाही. ती स्वतःबद्दल बोलते आहे.

तुम्ही पालिकेत नोकरीला असाल किंवा लेख सुधारण्याचे पैसे मिळत असतील, तर ते जाहीर करा. पैसे घेऊन केलेले संपादन उघड करणे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींत २०१४ पासून बंधनकारक आहे. दुरुस्ती चर्चापानावर (प्रत्येक लेखाला जोडलेल्या, संपादकांच्या चर्चेच्या पानावर) सुचवा, दुसऱ्या कोणाला ती करू द्या.

१५. दुवा उघडतच नाही. संदर्भ काढून टाकू?

नका काढू. दुवा मेला म्हणजे पुरावा मेला असे नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये तो पत्ता टाका आणि संदर्भ घातला त्या तारखेच्या जवळची प्रत उघडा. मिळाली तर तिचा दुवा जोडा. नाही मिळाली, तरी मथळा, तारीख आणि प्रकाशन हातात असते, आणि छापील अंक कुठेतरी असतोच.

१६. संदर्भात छापील पुस्तक दिले आहे आणि ते माझ्याकडे नाही. मग?

छापील, महागडे, दुर्मिळ किंवा परभाषेतले पुस्तक संदर्भ म्हणून पूर्ण चालते. ते तुम्हाला मिळत नाही हे विधान काढण्याचे कारण नव्हे. पृष्ठक्रमांक नसेल, तर ज्याने संदर्भ दिला त्याला मागा. मूळ वाक्य उतरवून देण्याची विनंतीही करता येते.

पुस्तक आहे तरी का, एवढे मात्र घरबसल्या बघता येते. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींत नाव शोधा. तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) दिला असेल, तर त्याची गणिती कसोटी घ्या: पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने असे आळीपाळीने गुणत जा आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. गेला नाही, तर क्रमांक चुकला आहे किंवा मनचा आहे. गेला, म्हणून पुस्तकात ते विधान आहे असे मात्र नाही. डिचोलीच्या बनावट लेखाचे बिंग (प्र. २) पुस्तके शोधण्याच्या याच साध्या कामाने फुटले.

१७. चॅटबॉटला संदर्भ शोधायला सांगू का?

शोधशब्द सुचवायला विचारा. त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय लेखात घालू नका. खरा वाटणारा लेखक, खरे वाटणारे शीर्षक आणि साल जुळवून अस्तित्वात नसलेले पुस्तक तो सहज पुढे ठेवतो. प्र. १६ मधली तपासणी इथे न चुकता करा.

१८. इंग्रजी लेखात संदर्भ आहे. भाषांतर करताना तसाच घेतला तर चालेल?

तुम्ही तो उघडून वाचला असेल, तरच. न वाचता उचललेल्या तळटिपेखाली तुम्ही नकळत सही करता. आणि ‘इंग्रजी विकिपीडिया’ असा संदर्भ देऊ नका. एक विकिपीडिया दुसऱ्याचा पुरावा होऊ शकत नाही.

१९. ‘संदर्भ हवा’ साचा लावू, की वाक्य सरळ काढून टाकू?

आधी स्वतः शोधा. दहा मिनिटे शोधून संदर्भ जोडणे हे साचा (वाक्याजवळ ‘संदर्भ हवा’ असे दाखवणारी खूण) लावण्यापेक्षा केव्हाही चांगले काम आहे. नाही सापडला, तर वाक्याने नुकसान काय होऊ शकते ते बघा. ‘बाजार मंगळवारी भरतो’ हे संभवनीय आणि निरुपद्रवी आहे. महिना-साल टाकून साचा लावा आणि वाट पाहा. ‘शहराचे पाणी पिण्यायोग्य नाही’, ‘अमुक समाजाने दंगल घडवली’ अशी वाक्ये संदर्भाशिवाय एक दिवसही ठेवण्यासारखी नसतात. ती काढा आणि चर्चापानावर नोंद करा.

साच्याला बरीच वर्षे झाली असतील आणि कोणीच काही जोडले नसेल, तर वाक्य चर्चापानावर हलवणे योग्य. पुसलेले फक्त इतिहासात उरते. चर्चापानावर ते पुढच्या शोधणाऱ्याला दिसते. एकाच परिच्छेदात वीस साचे मात्र लावू नका. वाचणारा बिचकतो, ज्याने कष्टाने लेख लिहिला तो कायमचा निघून जातो, आणि संदर्भ एकही वाढत नाही. विभागाच्या डोक्यावर एकच सूचना पुरते.

२०. ‘प्रसिद्ध व्यक्ती’ यादीत कोणाकोणाला ठेवायचे?

दोन गोष्टींना संदर्भ हवा: ती व्यक्ती दखल घेण्याजोगी आहे आणि तिचा या शहराशी संबंध आहे. दुसरी नेहमी विसरली जाते. शाळेत दोन वर्षे होती, आजोळ होते की जन्म झाला, हे स्पष्ट लिहा. जिवंत व्यक्तीबद्दल वादग्रस्त असे काही बिनसंदर्भ असेल, तर तिथे प्र. १९ मधली वाट पाहण्याची सवलत नाही. ते ताबडतोब काढायचे.

२१. दोन चांगले संदर्भ वेगवेगळे साल सांगतात. कोणते खरे धरू?

आधी बघा, दोघे एकाच घटनेबद्दल बोलतात का. एकात वस्तीचा पहिला उल्लेख असतो, दुसऱ्यात पालिकेची स्थापना, आणि दोघांनाही ‘स्थापना’ म्हटलेले असते. खरोखर मतभेद असेल, तर दोन्ही साले लिहा, कोण कोणते सांगतो ते लिहा. मधले साल काढू नका, आणि आपल्याला आवडते ते निवडू नका. पाच संदर्भ एकाच जुन्या गॅझेटियरवरून उतरवलेले असतील, तर ते पाच नाहीत, एकच आहे.

२२. मी काढलेले वाक्य कोणीतरी परत घातले. आता?

पुन्हा काढू नका. चर्चापानावर जा आणि नेमके काय सापडले नाही ते लिहा: ‘तळटीप दोन उघडली, पान बारावर घंटाघराचा उल्लेख आहे, १७२४ चा नाही.’ एवढे नेमके लिहिले, की समोरच्याचा सूरही बदलतो. पुरावा देण्याची जबाबदारी वाक्य ठेवू पाहणाऱ्यावर असते, पण म्हणून ओढाताण करण्याचा परवाना मिळत नाही. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच लेखात तीनपेक्षा जास्त वेळा बदल परतवणाऱ्याला संपादनबंदी होऊ शकते, तो बरोबर असला तरी.

२३. संदर्भ भक्कम आहे, पण विधान चुकीचे आहे हे मला पक्के ठाऊक आहे. तेव्हा काय?

याला झटपट उत्तर नाही. नामांकित ग्रंथात पूल १९०३ चा म्हटले आहे आणि तुमच्या हातात १८९८ चे छायाचित्र आहे, ज्यात पूल उभा दिसतो. छायाचित्रावरून स्वतः निष्कर्ष काढून लेख बदलणे हे तुमचे संशोधन होईल, आणि त्याला तिथे जागा नाही. पण चुकीचे विधान लेखात ठेवलेच पाहिजे, असाही नियम नाही. चर्चापानावर छायाचित्र आणि ग्रंथ दोन्ही मांडा. इतरांना पटले, तर ते साल लेखातून गाळता येते. लेख तेवढ्या मुद्द्यावर गप्प राहतो.

मग बाहेरचे काम सुरू करा. ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली आहे का ते बघा. प्रकाशकाला कळवा. छायाचित्र, त्याची तारीख कशी ठरली आणि ते कोणत्या संग्रहात आहे, हे घेऊन इतिहासाच्या नियतकालिकात चार पानांचे टिपण द्या. ते छापून आले, की पुढचा संपादक त्याचा संदर्भ देऊन दोन्ही साले लेखात लिहू शकतो. याला वर्षही लागू शकते. तोवर चर्चापानावरची नोंद पुसू नका आणि तिच्याखाली तारीख टाका, म्हणजे मधल्या काळात कोणी १९०३ परत आणून ठेवले तर कारण शोधायला त्याला लांब जावे लागणार नाही.